एकमुखी प्रयोगातील कलावंताचे चरित्र : तेर व परांडे यांच्या संदर्भात

'एकपात्री' हा शब्द मराठी रंगभूमीवर नवा असला तरी त्या शब्दाने दर्शविलेली वस्तू नवी नाही. संस्कृत नाट्यशास्त्रकारांनी दशरूपकांत 'भाण' नावाचा जो प्रकार सांगितला आहे त्यात रंगमंचावर एकच पात्र येते. हे पात्र बहुधा विटाचे असते. तो रस्त्याने चालतो, कोणी भेटल्याचा अभिनय करतो, 'काय म्हणतोस?' असे आकाशाकडे पाहून विचारतो आणि प्रेक्षकांना ऐकू न आलेले उत्तर स्वतःच उच्चारून दाखवतो. या युक्तीस शास्त्रकार 'आकाशभाषित' म्हणतात. परंतु भाणातील विट नगराविषयी बोलतो, गणिकांविषयी बोलतो, क्वचित स्वतःविषयी बोलतो. दुसऱ्या एखाद्या माणसाचे आयुष्य आपल्या कंठात घेऊन ते समोर बसलेल्यांना दाखवणे हे त्याचे काम नव्हे. ते काम महाराष्ट्रात कीर्तनकाराने केले, आणि ते कसे केले हे पाहण्यास धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाइतके योग्य स्थळ दुसरे सापडणे कठीण आहे.

तेरणेच्या काठी वसलेले हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शक ग्रंथात तगराचे नाव येते : पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जाते, असे तो सांगतो. त्याच ग्रंथाच्या आरंभीच्या भागात तांबड्या समुद्रावरील अदुलिस बंदराचे आणि त्यामागील अक्सुमच्या राज्याचे, म्हणजे पुढील काळातील हबसाणाचे, वर्णन आहे, याकडे तेरविषयी लिहिणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही. तगर आणि हबसाण एकाच नाविकाच्या वहीत शेजारी आले, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही.

तेर हे मातीचे गाव आहे. १९५८ मध्ये चापेकर यांनी येथे केलेल्या उत्खननात आणि त्यापूर्वी व नंतर शेतांतून, पांढरीच्या टेकाडांतून मिळालेल्या वस्तूंत भाजलेल्या मातीच्या मूर्ती, पांढऱ्या केओलिन मातीच्या साच्यातून काढलेल्या प्रतिमा, तांबडी झिलईदार भांडी यांचे प्रमाण मोठे आहे. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जमवलेला संग्रह आज शासकीय संग्रहालयात मांडलेला आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची कीर्ती दूरवर गेली आहे. पण खरा विस्मय वाटतो तो मातीच्या कामाचा. या कारागिरांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही. सातवाहनकाळापासून पुढे हजार वर्षे या गावात कुंभाराचे चाक फिरत राहिले असावे, आणि त्या दीर्घ अनामिक परंपरेत नाव उरले ते एकाच कुंभाराचे. तेही त्याच्या भांड्यांमुळे नव्हे.

गोरा कुंभार हा नामदेव-ज्ञानदेवांचा समकालीन. त्याने शके १२३९ च्या, म्हणजे इसवी सन १३१७ च्या, चैत्र वद्य त्रयोदशीस समाधी घेतली असे परंपरा मानते. संतमंडळींत तो वयाने वडील, म्हणून 'गोरोबाकाका'. त्याच्या नावावर मिळणारे अभंग जेमतेम वीसेक आहेत. त्याचे चरित्र म्हणून जे सर्वत्र सांगितले जाते ते मुख्यतः महिपतीच्या 'भक्तविजया'तून (१७६२) व त्यावर पोसलेल्या कीर्तनाख्यानांतून आले आहे. त्यातील कथाभाग प्रसिद्धच आहे. विठ्ठलनामात तल्लीन होऊन गोरा चिखल तुडवीत असता त्याचे रांगते मूल पायांखाली येते आणि त्याला ते कळत नाही. पत्नी संती आकांत करते. तिला न शिवण्याची शपथ त्याच्या गळ्यात पडते. संतीची धाकटी बहीण रामी हिच्याशी त्याचा दुसरा विवाह होतो. सासऱ्याने 'दोघींना सारखे वागवा' असे बजावल्यामुळे ती शपथ रामीलाही लागू होते. दोघी बहिणी निजलेल्या पतीचे हात आपल्या अंगावर ठेवून घेतात आणि जाग आल्यावर तो शपथ मोडल्याच्या पश्चात्तापाने आपले हातच तोडून टाकतो. हात गेलेल्या कुंभाराच्या घरी विठ्ठल स्वतः गडी होऊन चाक फिरवतो. अखेर पंढरपुरी नामदेवाच्या कीर्तनात गोरोबाला हात फुटतात व मूलही परत मिळते.

हे आख्यान नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात रंगते. पूर्वरंगात हरिदास एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण करतो. मध्यंतरी नामघोष होतो. मग तो कथेत शिरतो. त्याच्या अंगावर उपरणे, डोक्यास पागोटे, हाती झांजा वा चिपळ्या. मागे पेटी आणि तबला. त्याला पात्रयोजना नाही, रंगभूषा नाही, पडदा नाही. गोरोबा, संती, रामी, सासरा, नामदेव, मुक्ताबाई, विठू गडी ही सारी माणसे एकाच कंठातून निघतात. उपरण्याचे टोक डोक्यावर ओढले की संती उभी राहते. तेच टोक कमरेस बांधले की चिखल तुडवणारा कुंभार. श्रोत्यांत वारकरी असतात, गावकरी असतात, आणि तेरसारख्या ठिकाणी ज्यांना थापटणे कसे धरावे हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे अशीही माणसे असतात. त्यांच्यापुढे चिखल तुडवण्याचा अभिनय खोटा पडला तर आख्यान तेथेच कोसळते. शेवट सर्वांना माहीत असतो. मूल जिवंत होणार हे लहान पोरालाही ठाऊक असते. तरीही हरिदासाचा पाय लयीत पडू लागला की मंडपात हालचाल थांबते. ठाऊक असलेल्या गोष्टीला श्वास रोखून धरणारा हा प्रेक्षक नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखा आहे.

येथे भाषेचा एक प्रश्न उपस्थित होतो. एकच वक्ता इतक्या सहजपणे दुसऱ्याच्या आयुष्यात शिरतो आणि बाहेर येतो, हे कशामुळे शक्य होते? अभिनयकौशल्य हे उत्तर अपुरे आहे. मराठीची वाक्यरचनाच त्याला साहाय्य करते. इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना सर्वनाम बदलते, काळ बदलतो; बोलणारा आणि ज्याचे बोलणे सांगायचे तो, यांच्यामध्ये व्याकरण भिंत उभी करते. मराठीत 'मी येतो असे तो म्हणाला' हे अगदी स्वाभाविक वाक्य आहे. यातील 'मी' सांगणाऱ्याचा नव्हे, ज्याच्याविषयी सांगायचे त्याचा. म्हणजे मराठी माणूस रोजच्या व्यवहारात, बाजाराची हकीकत सांगतानासुद्धा, क्षणोक्षणी दुसऱ्याचा 'मी' उच्चारत असतो आणि वाक्याच्या शेवटी 'असे तो म्हणाला' म्हणून त्यातून सुटत असतो. हरिदास तेच करतो, अधिक मोठ्या मापावर. त्याचे आख्यान हे 'असे म्हणाला' या दोन शब्दांवर टांगलेले एक दीर्घ वाक्य आहे.

दुसरा शब्द 'म्हणे' हा होय. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीची नाममुद्रा येते. तीत बहुधा 'म्हणे' हे क्रियापद, त्याला लागून नाव, आणि गोरोबासारख्यांच्या बाबतीत नावाला लागून व्यवसाय. हे 'म्हणे' जुन्या मराठीतील साधे वर्तमानकाळी रूप आहे : म्हणतो. पण बोलीत याच रूपाचे पुढे एक अव्यय झाले. 'तो काल आला म्हणे' या वाक्यात कोणी म्हटले हे सांगितलेले नसते. ऐकीव आहे, खात्री बोलणाऱ्याने घेतलेली नाही, एवढेच कळते. ज्या रूपाने संत आपल्या वचनाची जबाबदारी स्वीकारतो, त्याच रूपाने आजचा बोलणारा ती झटकतो. कीर्तनकार जेव्हा मुद्रेचा चरण घोळून म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानी हे दोन्ही अर्थ पडत असले पाहिजेत. गोरा सांगतो आहे. आणि गोऱ्याने असे सांगितले असे लोक सांगतात. चरित्र आणि आख्यायिका यांच्यामधील फट त्या एका शब्दात उघडी राहते. ती फट बुजवण्याची घाई कीर्तनाने कधी केली नाही, हे त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण मानावे लागेल.

मात्र या पद्धतीत एक उणीव आहे आणि ती दडवण्यात अर्थ नाही. संपूर्ण आख्यानात माणसासारखे बोलणारे माणूस एकच आहे, आणि ते म्हणजे संती. मूल मेलेल्या आईचा तो क्रोध कोणत्याही भक्तिशास्त्राने समजावता येण्यासारखा नाही. चांगला हरिदास तेथे रेंगाळतो. बेताचा हरिदास चार ओळी आळवून पुढे सरकतो, कारण त्याला हात फुटण्याच्या प्रसंगाकडे पोचायचे असते. मूल परत मिळाले की संतीच्या तक्रारीला जागाच उरत नाही. चमत्कार हा येथे भक्तीचा विजय असतो तसाच एका बाईच्या प्रश्नावर घातलेला पडदाही असतो. एकच मुख सर्वांच्या वतीने बोलू लागले म्हणजे कोणाचे बोलणे किती वेळ चालू द्यायचे हेही तेच मुख ठरवते.

गोरोबाला जवळचा असा एक कुंभार अमेरिकेत होऊन गेला, त्याची आठवण या ठिकाणी अप्रस्तुत ठरू नये. दक्षिण कॅरोलायना राज्यातील एजफील्ड परिसरात १८०१ च्या सुमारास जन्मलेला डेव्हिड ड्रेक हा कृष्णवर्णीय गुलाम होता. दगडी कुंभकामातील त्याचे प्रचंड रांजण आजही अनेक संग्रहालयांत आहेत. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो ओल्या मातीवर आपले 'डेव्ह' हे नाव, दिनांक आणि कधीकधी स्वतः रचलेल्या दोन ओळी कोरून ठेवीत असे. दिनांकित अशी त्याची पहिली काव्यपंक्ती जुलै १८३४ मधील आहे. गुलामांना लिहावाचावयास शिकवणे हा गुन्हा ठरवणारा कायदा त्या राज्याने संमत केला तोही १८३४ मध्येच. १८५७ च्या एका रांजणावर त्याने आपले नातलग कोठे गेले असा प्रश्न कोरला आहे आणि लगेच सर्वांशी मैत्रीची इच्छा व्यक्त केली आहे. विकल्या गेलेल्या कुटुंबाविषयी एका गुलामाने मालकाच्याच मालावर लिहिलेले हे वाक्य किती धाडसाचे होते हे वेगळे सांगावयास नको. गुलामगिरी संपल्यानंतरच्या १८७० च्या खानेसुमारीत तो 'डेव्हिड ड्रेक' या पूर्ण नावाने आढळतो.

या ड्रेकविषयी तेथील जुन्या लोकांत एक कथा सांगितली जाई : रेल्वेखाली त्याचा एक पाय गेला होता, आणि हात नसलेला दुसरा एक गुलाम त्याचे चाक फिरवीत असे. कथेची सत्यासत्यता कशीही असो. हात नसलेला कुंभार आणि त्याच्या चाकाशी उभा राहणारा सोबती ही प्रतिमा तेरच्या लोकांना परकी वाटण्याचे कारण नाही. दोन अगदी असंबद्ध समाजांनी आपल्या कुंभार-कवीची आठवण जपताना त्याच्या शरीरातून नेमका कामाचा अवयव काढून घेतला आणि मग काम थांबू दिले नाही. तुलना येथवरच ताणावी. गोरोबाचे भांडे उरले नाही, वचन उरले. ड्रेकचे भांडे उरले आणि वचन त्या भांड्यावरच असल्यामुळे उरले. ड्रेकचा कोणी हरिदास झाला नाही. त्याची मुद्रा त्याला स्वतःच्या नखाने वा टोच्याने उमटवावी लागली. २०२१ मध्ये त्याचा एक रांजण पंधरा लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकला गेला. ज्याच्या कमाईतला एक डॉलरही कायद्याने त्याचा नव्हता त्याची ही किंमत.

कृष्णवर्णीय कलावंताचे आयुष्य एका नटाने रंगमंचावर उभे करण्याचा अमेरिकेतील सर्वांत गाजलेला, आणि सर्वांत वादग्रस्त ठरलेला, प्रयोग १९७८ मधील होय. फिलिप हेझ डीन यांनी लिहिलेल्या 'पॉल रोब्सन' या नाटकात जेम्स अर्ल जोन्स यांनी त्या थोर गायक-नटाची भूमिका केली. रंगमंचावर त्यांच्या सोबतीस पियानोची साथ करणारा एकच माणूस होता. कीर्तनातील पेटीवाल्याची आठवण व्हावी अशीच ही रचना. रोब्सन (१८९८–१९७६) हा गुलामगिरीतून पळून सुटलेल्या बापाचा मुलगा. १९३० मध्ये लंडनला आणि १९४३ पासून न्यूयॉर्कला त्याने ऑथेल्लो उभा केला. न्यूयॉर्कमध्ये त्याचे २९६ प्रयोग झाले. राजकीय मतांमुळे १९५० मध्ये अमेरिकी सरकारने त्याचे पारपत्र काढून घेतले, ते १९५८ मध्ये परत मिळाले. त्याच वर्षी त्याच्या साठाव्या वाढदिवसाचा सोहळा भारतात साजरा झाला व पंडित नेहरूंनी त्याचे जाहीर अभिनंदन केले, ही गोष्ट तत्कालीन मराठी वाचकांना चांगली ठाऊक होती.

नाटक रंगभूमीवर आले तेव्हा रोब्सनचा मुलगा आणि जेम्स बॉल्डविन यांच्यासारखे पन्नासांहून अधिक मान्यवर कृष्णवर्णीय लेखक, कलावंत व कार्यकर्ते यांनी त्याविरुद्ध जाहीर निवेदन प्रसिद्ध केले. रोब्सनच्या विचारांची धार बोथट करून त्याला रंजक, गोड माणूस बनवले आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. प्रयोग बंद पाडण्याची भाषा पाहून दुसऱ्या बाजूने कलास्वातंत्र्याची ढाल पुढे झाली. या वादात कोण बरोबर होते याचा निवाडा येथे करण्याचे प्रयोजन नाही. पण आक्षेपाचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. तक्रार नटाच्या अभिनयाविषयी नव्हती. एकट्या नटाने दोन तासांत एका आयुष्याच्या वतीने 'मी' म्हटले की त्या 'मी'ला उत्तर देणारा दुसरा कोणीच मंचावर नसतो, हे त्या तक्रारीचे मूळ होते. संतीचा आकांत आवरता घेणारा हरिदास आणि रोब्सनचे राजकारण सौम्य करणारा नाटककार यांच्या हातून घडलेली चूक एकाच जातीची आहे.

मराठीत ऑथेल्लो याहून फार आधी आला होता. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ मध्ये छापून निघाले. युरोपातील नगरोनगरी ऑथेल्लो करीत फिरलेला कृष्णवर्णीय नट आयरा ऑल्ड्रिज हा पोलंडातील वूज येथे मरण पावला तोही १८६७ मध्येच. हा निव्वळ योगायोग, पण नोंदवण्याजोगा. पुढे देवलांनी त्याच नाटकाचा 'झुंजारराव' केला आणि तो मराठी रंगभूमीवर चांगला रुजला. नायक असा एतद्देशीय झाला की त्याच्या कातडीच्या रंगाचा प्रश्न साहजिकच मागे पडतो. मराठी प्रेक्षकाने मत्सरी नवरा पाहिला. परक्या प्रजेचे सैन्य चालवणारा काळा सेनापती पाहिला नाही. वस्तुतः तसा सेनापती पाहण्यासाठी त्याला व्हेनिसला जाण्याची गरज नव्हती. तो परांड्यास होता.

ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाहीचे निशाण ज्याने उभे ठेवले त्या मलिक अंबराने मुर्तजा निजामशहास गादीवर बसवले आणि परांड्यास राजधानी केली. पुढे ती जुन्नर व दौलताबादकडे हलली. पण बुडालेल्या राज्याचा दुसरा जन्म परांड्याच्या तटांआड झाला. अंबर हा १५४८ च्या सुमारास हबसाणात जन्मलेला. व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने १६१७ मध्ये त्याची भेट घेतली. त्याने नोंदवल्याप्रमाणे त्याचे मूळ नाव चापू. लहानपणी विकला गेलेला हा मुलगा मोखा, बगदाद अशा बाजारांतून हिंडत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. तो चंगीझखानही मूळचा हबशी गुलामच होता. त्या गुलामापासून राज्याच्या कर्त्यापर्यंतचा अंबराचा प्रवास, १६२४ ची भातवडीची लढाई, खडकी नगरीची वसाहत व तेथील नहर, जमिनीची मोजणी व धारा हे सारे इतिहासग्रंथांत आहे. १६२६ मध्ये तो वार्धक्याने वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे.

परांड्याच्या किल्ल्याशी निगडित दुसरी एक वस्तू या संदर्भात आठवते. विजापूरच्या बुरुजावर असलेली 'मुलुख-मैदान' तोफ १६३२ पर्यंत परांड्यास होती. सुमारे पंचावन्न टन वजनाची ही तोफ १५४९ मध्ये ओतणाऱ्या मुहंमद बिन हुसेन रूमी याचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. तोफेचा कारागीर आपली मुद्रा ठेवून गेला. ज्याने त्याच किल्ल्यातून राज्य चालवले त्या अंबराविषयी मात्र जे काही उरले आहे ते बहुतांशी इतरांच्या मुखातले. जहांगीर आपल्या आत्मवृत्तात त्याचा उल्लेख करतो तो त्याच्या काळ्या रंगावरून हिणवणारी विशेषणे जोडून. अबुल हसन या चित्रकाराने १६१६ च्या सुमारास बादशहासाठी काढलेल्या चित्रात भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या मस्तकावर जहांगीर बाण सोडतो आहे. हा प्रसंग घडलाच नाही. बादशहाला अंबर आयुष्यात सापडला नाही म्हणून तो कागदावर मारावा लागला. याउलट हाशिम या चित्रकाराने १६२० च्या सुमारास काढलेल्या चित्रात म्हातारा अंबर शुभ्र जाम्यात ताठ उभा आहे. त्यात थट्टा नाही, द्वेष नाही. शत्रूच्या दरबारातील इतिहासकार मुतमदखानानेही त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची व राज्यव्यवस्थेची मुक्तकंठाने स्तुती केली. पण ही सारी चित्रे आणि स्तुतिस्तोत्रे मुकीच आहेत.

मराठी भाषेने या माणसांसाठी जे शब्द ठेवले तेही पाहावेत. 'हबशी' हा अरबी 'हबश' या देशनामावरून. 'सिद्दी' वा 'शिद्दी' हा बहुधा 'सय्यिदी', म्हणजे 'माझे धनी', या आदरार्थी संबोधनावरून. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या समूहास 'धनी' या अर्थाचे नाव चिकटावे हा भाषेचा विनोद आहे. जंजिऱ्याच्या मुलखास जुने मराठी कागद 'हबसाण' म्हणतात. पुढे हबशी हा शब्द मराठी बोलीत नुसता धिप्पाड, काळाकभिन्न एवढ्याच अर्थी उरला व त्यातील देश पुसला गेला. गंमत अशी की काळेपणाचा तिटकारा हा मराठीचा मूळ स्वभाव म्हणावा तर विठ्ठलाचे काय? संतवाङ्मयात तो 'सावळा' आहे आणि लाडाने 'काळा'ही आहे. ज्या गोरोबाच्या नावातच गोरेपण आहे तो आयुष्यभर एका काळ्या दैवताच्या नावाने चिखल तुडवतो, आणि ते आख्यान ऐकणारा समाज त्याच जिल्ह्यातील एका काळ्या वजिराविषयी बोलताना अवघडतो. कीर्तनाच्या प्रचलित आख्यानांत संत आहेत, पुराणपुरुष आहेत, शिवकालातील वीर आहेत. अंबराचे नाव तेथे सहसा ऐकू येत नाही. तो मुसलमान होता, परका होता, की त्याच्या आयुष्यात हात फुटण्यासारखा चमत्कार नव्हता? तिसरे कारण क्षुल्लक वाटले तरी आख्यानाच्या रचनेच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे असावे. ज्या कथेत परत मिळण्यासारखे काही नाही ती उत्तररंगात बसत नाही. हबसाणातून गेलेला मुलगा घरी परतला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत एकमुखी प्रयोगाचे नवे रूप आले. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९६१ ची. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापन करणारे लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात बावन्न माणसे एकट्याने उभी केली. या प्रयोगाचे भाषिक मोल अद्याप पुरते ओळखले गेलेले नाही : मराठवाडी बोली तीन तास रंगमंचावर नायिका म्हणून वावरली, विदूषक म्हणून नव्हे. येथवर अनेकांना आवाज देण्याची हरिदासी रीत टिकून होती. याच काळात दुसरा प्रवाह वाढला, तो एकाच चरित्राचा. सदानंद जोशी यांचे 'मी अत्रे बोलतोय' आणि सुषमा देशपांडे यांचे १९८९ मधील 'व्हय मी सावित्रीबाई' ही त्याची उदाहरणे. दोन्ही शीर्षकांत 'मी' आहे. 'असे म्हणाला' गळून पडले. कीर्तनातील संतीला जे मिळाले नव्हते ते, म्हणजे कोणीही मध्ये न थांबवता अखेरपर्यंत बोलण्याचा अवकाश, सावित्रीबाईंना मिळाले. रोब्सनविषयी वाद करणाऱ्यांनी दाखवलेला धोका या 'मी'त आहेच. परंतु ज्यांचे म्हणणे शतकानुशतके दुसऱ्यांनी 'म्हणे' लावून सांगितले त्यांच्या बाबतीत हा धोका पत्करणे रास्त होते.

कृष्णवर्णीयांच्या आयुष्याशी मराठी वाचकाचा परिचय ग्रंथांतून वाढला तोही याच वर्षांत. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. १९८२ मध्ये त्याचा वेगळा जिल्हा झाला. त्या लातुरातील महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचा 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ १९७८ मध्ये, म्हणजे रोब्सनवरील नाटकाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. त्या शीर्षकातील जातिवाचक शब्द आज मराठीतही मागे पडला असून 'कृष्णवर्णीय' हा शब्द रूढ झाला आहे. मराठवाड्यातील अभ्यासक न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या कवींविषयी लिहीत होता. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास परांड्याचा कोट उभा होता.

त्या कोटातील माणसाला कोणा नटाने एकमुखी प्रयोगात उभे करायचे ठरवले तर पहिली अडचण वेषाची किंवा रंगाची येणार नाही. चापूने हबसाणात आईशी बोललेली भाषा वेगळी, बगदादेस त्याला अरबी मिळाली, दरबारची भाषा फारसी, छावणीत दखनी, आणि ज्यांच्या बळावर त्याने मोगलांना पंचवीस वर्षे थोपवले ते त्याचे बारगीर मराठी बोलत. परांड्याच्या तटावर उभ्या असलेल्या त्या वजिराच्या तोंडी पहिला 'मी' घालायचा तो यांपैकी कोणत्या भाषेतला, हे नटाने ठरवावे लागेल.